सविस्तर चर्चा झाली

इ.स. ५७६मधली गोष्ट. पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीहून, कॉन्स्टँटिनोपलहून (आजचं इस्तंबूल) निघालेला रोमन वकील वालेंतिनस समुद्रमार्गे सिनोप, तिथून क्रिमियातलं खेर्सन आणि मग पुढचे गवताळ माळ तुडवत तुर्कांच्या एका खानापुढे जाऊन उभा राहिला. निरोप साधाच होता. आमच्याकडे तिबेरियस हा नवा सीझर, म्हणजे गादीचा वारस, झालाय, जुनी मैत्री पुढे चालू ठेवू, आणि इराणशी आमचं युद्ध चाललंय तर तुम्हीही तिकडून रेटा लावा. ग्रीक लिखाणात या खानाचं नाव तुर्कसांथोस असं येतं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, दहा जिभा आणि एकच कपट बाळगणारे रोमन ते तुम्हीच ना? एवढं बोलून त्याने दोन्ही हातांची बोटं तोंडात घातली. मराठी वाचकाला वाटेल, गडी चकित झाला. चकित वगैरे काही नाही. आता माझ्या तोंडात ही दहा बोटं आहेत ना, तशा तुमच्या तोंडात जिभा आहेत. एकीने मला फसवता, दुसरीने माझ्या गुलामांना, असं त्याला दाखवायचं होतं.

हे ‘गुलाम’ म्हणजे आवार. तुर्कांच्या तावडीतून सुटून पश्चिमेला पळालेल्या या टोळीशी रोमने परस्पर करार करून टाकला होता, आणि तो खानाच्या जिव्हारी लागला होता. पुढे त्याने आणखी एक वर्मावर बोट ठेवलं. माझे वकील दर वेळी कॉकेससच्या आडवाटेनेच का नेता? दुसरा रस्ता नाही असं सांगता. नीपर नदी कुठे वाहते, डॅन्यूब कुठे, हेब्रुस कुठे, आणि माझे गुलाम कुठून तुमच्या मुलखात शिरले, सगळं मला ठाऊक आहे. हे झाल्यावर त्याने शेवटची अट घातली : माझा बाप नुकताच वारलाय, तुम्ही सुतकात आला आहात, तेव्हा आमच्या रिवाजाप्रमाणे सुरीने स्वतःचे गाल चिरून घ्या. वालेंतिनस आणि त्याच्या माणसांनी मुकाट्याने गाल चिरून घेतले. ही मंडळी तिथे असतानाच क्रिमियातलं रोमनांचं बोस्पोरस शहर तुर्कांनी घेतलं.

हे सगळं रोमनांनीच लिहून ठेवलं आहे. लिहिणारा मेनांदर, सम्राट मॉरिसच्या काळातला. कायद्याचं शिक्षण घेऊन कोर्टातली वकिली न करता रथांच्या शर्यती आणि तमाशे पाहत गावभर हिंडलो, असं स्वतःबद्दल मोकळेपणी सांगणारा माणूस. त्याच्यासमोर शिष्टमंडळांचे अहवाल असले पाहिजेत, कारण तपशील फार बारीक आहेत. आणि मी अडकलो तो इथेच.

माझी सगळी नोकरी बैठकांची इतिवृत्तं लिहिण्यात गेली. कोण कोणावर ओरडलं, कोणी फाइल आपटली, कोण रागाने उठून गेलं, हे सगळं समोर बसून ऐकायचं आणि शेवटी लिहायचं, ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली.’ वरिष्ठांना बाहेरच्या माणसाने चारचौघांत खोटारडे म्हटलं तर ‘काही मुद्दे उपस्थित करण्यात आले.’ हे एक कसबच आहे, आणि मला ते बऱ्यापैकी येत होतं. त्यामुळे एवढ्या मोठ्या साम्राज्याचा वकील परमुलखात जाऊन तोंडावर शिव्या खातो, आणि त्या शिव्या शब्दशः, बोटांच्या हावभावासकट नोंदवल्या जातात, याचं मला फार कुतूहल वाटतं. पाचव्या-सहाव्या शतकातला रोमन पूर्वेचा इतिहास मी वाचतो तो बराचसा या कुतूहलापोटी.

या जातीच्या नोंदींचा बादशहा म्हणजे पानियमचा प्रिस्कस. ४४९ साली हूण टोळ्यांचा राजा अटिला याच्याकडे गेलेल्या शिष्टमंडळात तो होता. वकील मॅक्सिमिनस, आणि प्रिस्कस त्याच्या आग्रहाखातर सोबत गेलेला. धंद्याने वक्तृत्वाचा शिक्षक. त्या वेळी हूणांना साम्राज्याच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागाकडून वर्षाला २,१०० पौंड सोनं जात होतं, आजच्या हिशेबाने ६८७ किलोच्या आसपास. आधी हा आकडा ३५० होता. मग ४३५च्या सुमारास मार्गुस गावाबाहेर तह झाला तेव्हा ७०० झाला. त्या तहाची गंमत अशी की हूण घोड्यावरून उतरायला तयार नव्हते. मग आपण जमिनीवर आणि ते वर, असं दिसायला नको म्हणून रोमन वकीलही घोड्यावरच बसून राहिले आणि सगळ्या वाटाघाटी खोगिरावरूनच झाल्या. ४४७च्या पराभवानंतर रक्कम तिप्पट झाली, वर मागील बाकी म्हणून ६,००० पौंड एकरकमी. प्रिस्कस म्हणतो, ही वसुली करताना श्रीमंतांनी बायकांचे दागिने आणि घरातलं सामान बाजारात मांडलं. तो थोडं चढवून लिहीत असणार, पण आकडे त्याचे आहेत आणि ते सरकारी वाटतात.

तर कॉन्स्टँटिनोपलमध्ये अटिलाचे दोन वकील आले, एदेको आणि ओरेस्तेस. एदेको राजवाड्याच्या सोन्याने मढवलेल्या छतांकडे पाहत राहिला. ते पाहून दरबारातला सर्वांत वजनदार खोजा क्रिसाफियस याने विगिलास नावाच्या दुभाष्यामार्फत त्याला एकट्याला जेवायला बोलावलं, शपथा घेतल्या आणि प्रस्ताव ठेवला : अटिलाला मार, इथे येऊन असाच ऐश्वर्यात राहा. एदेको म्हणाला, हाताखालच्या लोकांना वाटायला ५० पौंड सोनं लागेल, पण आत्ता माझ्याबरोबर देऊ नका, लपणार नाही. विगिलासला नंतर पाठवा. सम्राट दुसऱ्या थिओडोसियसची संमती मिळाली. मग या कटाला पांघरूण म्हणून एक प्रतिष्ठित शिष्टमंडळ जोडून देण्यात आलं. मॅक्सिमिनस खानदानी माणूस, सम्राटाचा विश्वासू. त्याला काहीही सांगितलं नाही. प्रिस्कसलाही नाही.

म्हणजे पुढचा सगळा वृत्तांत आपल्या खिशात काय आहे हेच माहीत नसलेल्या माणसाने पाहिलेला आहे. लिहायला तो बसला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं, आणि तरी त्याने प्रत्येक प्रसंग त्या वेळी जसा दिसला तसाच ठेवला. मला हे फार मोठं वाटतं. नंतर शहाणं होऊन मागचं दुरुस्त करण्याचा मोह त्याने टाळला.

सोफियाला, तेव्हाच्या सेर्दिकाला, म्हणजे तेरा दिवसांच्या वाटेवर, त्यांनी हूणांना जेवण दिलं. जेवताना हूणांनी अटिलाचं नाव घेतलं, रोमनांनी सम्राटाचं. विगिलासची जीभ घसरली : देवाची आणि माणसाची तुलना बरी नव्हे. देव म्हणजे थिओडोसियस, माणूस म्हणजे अटिला. पाहुणे भडकले. मॅक्सिमिनसने विषय बदलला, आणि जेवण झाल्यावर एदेको-ओरेस्तेसला रेशमी वस्त्रं आणि भारतीय रत्नं देऊन शांत केलं. त्या रत्नांपाशी मी क्षणभर थांबलो. कुठल्या खाणीतून निघून, किती हात बदलून ती बल्गेरियातल्या एका पडक्या शहरात भांडण मिटवायला पोचली असतील! पुढे डॅन्यूबपलीकडे वादळात यांचे तंबू उडाले तेव्हा अटिलाच्या भावाच्या, ब्लेदाच्या एका विधवेने त्यांना गावात आसरा दिला. तिला परतीची भेट म्हणून दिलेल्या वस्तूंत तीन चांदीची भांडी, लाल कमावलेली कातडी, खजूर आणि भारतीय मिरी होती. मलबारची मिरी हंगेरीच्या माळावर. तिने पाहुण्यांकडे देखण्या स्त्रियाही पाठवल्या होत्या. तसा तिथला मानाचा रिवाज होता. प्रिस्कस लिहितो, जेवण आम्ही घेतलं, बाकीचं नाकारलं. वाचणाऱ्याने यावर विश्वास ठेवावा.

त्याआधी नाईसस लागलं, आजचं सर्बियातलं निश. कॉन्स्टंटाईन सम्राटाचं जन्मगाव. हूणांनी ते इतकं उद्ध्वस्त केलं होतं की देवळांत पडून राहिलेल्या थोड्या आजारी लोकांखेरीज कोणी नव्हतं. नदीकाठी तळ ठोकायचा तर सगळा काठ लढाईत मेलेल्यांच्या हाडांनी भरलेला. म्हणून थोडं वर सरकून स्वच्छ जागा पाहिली. एवढंच लिहून तो पुढे जातो. शोक नाही, शाप नाही. तळाला स्वच्छ जागा लागते, ती मिळाली.

अटिलाच्या छावणीपाशी पोचल्यावर यांनी टेकाडावर तंबू ठोकायला घेतले, तर हूण धावत आले : आमच्या राजाचा तंबू खाली सपाटीवर आहे, तुम्ही उंचावर कसे? मग काही सरदार आले आणि म्हणाले, कशासाठी आलात ते सांगा. यांनी उत्तर दिलं, वकिलाने निरोप राजालाच सांगायचा असतो. सरदार गेले आणि परत येऊन खलित्यातला सगळा मजकूर यांनाच म्हणून दाखवला. वर, याहून वेगळं काही सांगायचं नसेल तर ताबडतोब चालू लागा. एदेकोने सगळं फोडलं होतं, कटासकट. विगिलासला ते कळलं नव्हतं. मॅक्सिमिनसला तर कट होता हेच ठाऊक नव्हतं, त्यामुळे हे काय चाललंय याचा पत्ताच लागेना.

सामानाची जनावरं लादून झालेली, रात्र पडायला आलेली, मॅक्सिमिनस खचलेला. अशा वेळी प्रिस्कसने जे केलं ते मी मुत्सद्देगिरीच्या कुठल्याही पाठात घालीन. हूणांची भाषा जाणणारा रुस्तिकियस नावाचा सोबती घेऊन तो स्कोतासकडे गेला. स्कोतास हा अटिलाच्या उजव्या हाताचा, ओनेगेसियसचा भाऊ. त्याला प्रिस्कस म्हणाला, तुमचा भाऊ इथे नाही, पण तुमच्याही शब्दाला राजापाशी वजन आहे असं आम्ही ऐकतो. आता ते खरं की खोटं, भेट घडवून आणाल तर कळेल. स्कोतासने ‘अटिलापाशी माझं म्हणणं भावाइतकंच चालतं’ म्हणत उडी मारून घोडा गाठला आणि टाच मारली. भेट झाली. सोनं, रेशीम, रत्नं, सम्राटाचा खलिता, यांतलं काहीच कामी आलं नव्हतं. धाकट्या भावाच्या मनातली एक बारीकशी सल एका मास्तराने ओळखली, एवढ्यावर काम झालं.

भेटीत अटिलाने मॅक्सिमिनसला एक थंड वाक्य ऐकवलं : रोमन माझ्यासाठी जे इच्छितात तेच त्यांना लाभो. मग विगिलासकडे वळून त्याला निर्लज्ज जनावर म्हणाला. वकिलांच्या हक्काला बाध येत नसता तर तुला सुळावर चढवून गिधाडांना घातला असता, असंही. खुळचट लोभी दुभाष्यावर तो असा गरजत असताना चिटणीस कागदावरून पळून गेलेल्या हूणांची नावं वाचत होते. रोमनांकडे पळालेली आपली माणसं परत मिळावीत हे अटिलाचं पालुपद होतं. त्यामागे सोन्याइतकीच धास्तीही होती. टोळीतला माणूस दुसऱ्याचा पगार खाऊ लागला की टोळी विरघळते, हे त्याला पक्कं माहीत होतं.

पुढच्या मेजवानीचं वर्णन पुष्कळांना ठाऊक असतं. पाहुण्यांना चांदीची ताटं, अटिलाला लाकडी. पाहुण्यांचे पेले सोन्याचांदीचे, त्याचा लाकडाचा. दरबारी मंडळींच्या तलवारी, जोडे, लगाम सोन्याने मढवलेले, त्याचे साधे. विदूषकाच्या खेळावर सगळे गडबडा लोळत असताना तो एकटा ढिम्म. धाकटा मुलगा एर्नास जवळ आला तेव्हा मात्र त्याचा गाल ओढून त्याने मायेने पाहिलं. हे प्रसिद्ध आहे आणि सुंदर आहे. पण मला त्याहून जवळचा वाटतो तो ओनेगेसियसच्या हमामाचा मिस्तरी. सिर्मियममधून धरून आणलेला गवंडीकामातला जाणकार. झाड-दगड नसलेल्या त्या मुलखात पॅनोनियातून दगड आणवून त्याने हमाम बांधला, बक्षीस म्हणून सुटका मिळेल या आशेने. बक्षीस मिळालं ते असं की त्यालाच तिथे न्हाऊ घालणाऱ्याच्या, अंग चोळणाऱ्याच्या कामावर नेमलं. चांगलं काम केलेल्या माणसाचं असं पुष्कळदा होतं.

शेवट ठरल्यासारखा झाला. विगिलास सोनं आणायला म्हणून परत गेला आणि ५० पौंड घेऊन, मुलालाही सोबत घेऊन आला. अटिलाने त्याआधीच मुद्दाम फर्मान काढलं होतं की रोमनांनी हूणांच्या मुलखात खाण्यापिण्याखेरीज काहीही विकत घेऊ नये. मग एवढं सोनं कशाला, या प्रश्नाला उत्तर उरू नये म्हणून. विगिलास चाचरला. मुलाच्या मानेवर तलवार ठेवल्यावर रडत सगळं ओकला. सुटकेसाठी आणखी ५० पौंड आणायला मुलाला पाठवण्यात आलं. आणि अटिलाने ओरेस्तेसला, ज्या थैलीतून सोनं आलं ती गळ्यात अडकवून, थेट कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारात पाठवलं : सम्राटाला आणि खोजाला विचार, ही थैली ओळखीची वाटते का? सोबतच्या एस्लासने बोलायचं ते असं. थिओडोसियस थोर बापाचा मुलगा, अटिलाही थोर बापाचा मुलगा. अटिलाने बापाचं थोरपण राखलं. थिओडोसियस मात्र खंडणी भरून त्याचा गुलाम झाला, आणि आता वाईट गुलामासारखा धन्यावर चोरून घाव घालतो.

भर दरबारात. आणि हे रोमन माणसाने, ग्रीक भाषेत, ठळक लिहिलं.

हा वृत्तांत मराठीत विचार करणाऱ्या माणसाने वाचताना एक अडचण येते, ती टाळून पुढे जाणं बरं नाही. घोड्यावरून येऊन हिशेबाने पैसे मागणाऱ्यांच्या बाजूने आपण इतिहास शिकलो. १७१९च्या सनदांनी शाहू छत्रपतींना दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई मिळाली ही आपल्या पुस्तकात अभिमानाची ओळ आहे, आणि तिला तशी कारणंही आहेत. पण १७४०च्या दशकात नागपूरकर भोसल्यांचे बारगीर बंगालमध्ये शिरले, शेवटी १७५१मध्ये अलीवर्दी खानाने वर्षाला १२ लाख रुपये देऊन तह केला, तेव्हा तिथे आपली जागा कुठली होती? बंगाली आया आजही अंगाईत बर्गींची, म्हणजे याच बारगिरांची, भीती घालतात. प्रिस्कस वाचताना मी आपोआप रोमनांच्या तंबूत बसतो, अन्नाला मोताद झाल्यासारखा. आणि मग आठवतं की मुर्शिदाबादच्या कुणा मुनशीने आपल्याबद्दल लिहिलेलं वाचलं तर मी ओनेगेसियसच्या बाजूला दिसेन. अटिला आणि रघूजी एकाच मापाने मोजावेत असं माझं म्हणणं नाही. चौथाईमागे राज्य होतं, दफ्तर होतं, रयतेच्या रक्षणाचा दावा तरी होता. पण पैसे देणाऱ्याच्या वहीत आपण कसे उतरतो हे पाहण्याची सवय आपल्याला कमी आहे.

देणाऱ्याच्या वहीत नावंही बदलतात. रोमनांनी अटिलाला सेनापतीचा मानद किताब देऊन ठेवला होता, म्हणजे जाणाऱ्या सोन्याला खंडणी न म्हणता सेनापतीचा शिधा म्हणता येईल. प्रिस्कस हे सरळ सांगून टाकतो. असल्या शीर्षाखाली खर्च टाकणारा तो पहिला हिशेबनीस नसावा, शेवटचा तर नाहीच. आणि तरी, निव्वळ हिशेब पाहिला तर सोनं देणारे मूर्ख नव्हते. ४६८ साली उत्तर आफ्रिकेतल्या व्हँडलांवर आरमारी मोहीम निघाली तिचा खर्च सहाव्या शतकातला इतिहासकार प्रोकोपियस १,३०,००० पौंड सोनं असा देतो. ती साफ बुडाली. २,१०० पौंडांच्या दराने ती बासष्ट वर्षांची खंडणी होती. थिओडोसियस ४५०मध्ये घोड्यावरून पडून वारला, नवा सम्राट मार्कियन याने सोनं बंद केलं, क्रिसाफियस मारला गेला, अटिला पश्चिमेला वळला आणि ४५३मध्ये मेला. मार्कियनला शूर म्हणतात. नशीबवान म्हणणं जास्त बरोबर होईल. ओरेस्तेसचा मुलगा रोम्युलस पुढे पश्चिमेचा शेवटचा सम्राट झाला, आणि त्याला ४७६मध्ये खाली खेचणारा ओदोआकर बहुतेक त्याच एदेकोचा मुलगा. सेर्दिकाच्या जेवणात शेजारी बसून रेशीम घेतलेल्या दोघांची ही मुलं.

सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने सोन्याचा वापर अधिक चलाखीने केला. स्टेपमध्ये, म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या गवताळ माळावर, दोन भाऊबंद टोळ्या : पश्चिमेला कुत्रिगुर, पलीकडे उतिगुर. कुत्रिगुर लुटायला आले की उतिगुरांना पैसे देऊन त्यांच्या घरांवर सोडायचं. ५५१मध्ये हे केलं, आणि मग हरलेल्या कुत्रिगुरांपैकी काहींना थ्रेसमध्ये जमीन देऊन वसवलंही. त्यावर उतिगुरांचा नायक सांदिल याने तक्रार पाठवली. त्यांना लिहिणं येत नव्हतं, म्हणून वकिलांनी पाठ करून आणलेली, आणि प्रोकोपियसने नोंदवलेली. लांडगा एक वेळ केसांचा रंग बदलेल, स्वभाव बदलणार नाही. लांडग्याला कुत्र्याऐवजी राखणीला कोण ठेवतं? आम्ही तुमच्यासाठी लढलो ते ओसाड माळावर झोपड्यांत राहतो. आणि तुमचे शत्रू तुमच्याकडे पोटभर भाकरी खातात, दारू पितात, मसाले निवडतात, हमामात न्हातात, अंगावर सोनं मिरवतात. सम्राटाने गोड बोलून, नजराणे देऊन वकिलांना परत लावलं. प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

५५९मध्ये कुत्रिगुरांचा झाबेरगान कॉन्स्टँटिनोपलच्या तटाजवळ आला, म्हातारा सेनापती बेलिसारियस तुटपुंज्या माणसांनिशी त्याला परतवायला बाहेर पडला, आणि मग पुन्हा तेच पत्र सांदिलला : तुझं म्हणून ठेवलेलं सोनं यंदा कुत्रिगुरांनी नेलं, आता तूच बघ. सांदिल आधी म्हणाला, एकाच भाषेच्या, एकाच तऱ्हेच्या तंबूंत राहणाऱ्या, एकाच पेहरावाच्या भाऊबंदांचा निर्वंश करणं अधर्म आहे. फार तर त्यांचे घोडे पळवतो, म्हणजे ते तुमच्यावर चालून येणार नाहीत. मला हे उत्तर या सगळ्या कागदांतलं सर्वांत सभ्य उत्तर वाटतं. ते टिकलं नाही. दोन्ही टोळ्या एकमेकींना खात राहिल्या. त्या काळचा इतिहासकार अगाथियास समाधानाने लिहितो की त्यांनी एकमेकांना इतकं संपवलं की जे उरले ते इतरांचे ताबेदार होऊन पांगले. इथे मला रोमनांचा राग येतो. खंडणी देण्यात लाज नव्हती. ही पत्रं लाजिरवाणी होती.

तुर्कसांथोसचा संताप याच पार्श्वभूमीवर वाचायला हवा. त्याच्या आधी सातच वर्षं, ५६९च्या ऑगस्टमध्ये, रोमन वकील झेमार्कस तुर्कांकडे गेला होता तेव्हा वारं वेगळं होतं. तुर्कांच्या वतीने आधी आलेला मानियाख हा सोग्दी, म्हणजे मध्य आशियातला, व्यापारी. इराणला वगळून रेशीम थेट रोमला विकायचं हा त्याचा उद्योग. झेमार्कसला वाटेत आगीभोवतीने नेऊन, धूप आणि घंटा-ढोल वाजवून शुद्ध केलं गेलं. खान सिझाबुल दोन चाकांच्या सोन्याच्या सिंहासनावर, लागलं तर घोडा जुंपता येईल अशा. दुसऱ्या दिवशी वेगळा तंबू, तिसऱ्या दिवशी चार सोन्याच्या मोरांनी तोललेला पलंग, बाहेर गाड्यांवर चांदीची भांडी आणि चांदीचे प्राणी. आपल्याकडच्या कामापेक्षा जराही कमी नाहीत, असं नोंदवून ठेवलं आहे. रानटी म्हणायचं आणि कारागिरीची दाद द्यायची. ‘सविस्तर चर्चा झाली’ म्हणणाऱ्याकडून हे घडलं नसतं.

आता एक शंका. सांदिलच्या तोंडचं भाषण इतकं नेटकं आहे की ते प्रोकोपियसच्या टेबलावर तासलं गेलं हे उघड आहे. एस्लासचं भाषणही वक्तृत्वाच्या वर्गात शोभेल असं. हूणांच्या गावात प्रिस्कसला भेटलेला, ग्रीकमध्ये नमस्कार करणारा, विमिनासियमहून धरून आणलेला आणि आता तिथेच सुखात राहणारा तो व्यापारी रोमन करांना आणि कोर्टातल्या लाचखोरीला नावं ठेवतो. प्रिस्कस कायद्याचं लांबलचक समर्थन करतो. शेवटी तो माणूस रडून म्हणतो, कायदे चांगले आहेत पण राज्यकर्ते पूर्वीच्यांसारखे राहिले नाहीत. हे अर्धं तरी प्रिस्कसचंच बोलणं आहे. स्वतःच्या दरबाराला जे सांगता येत नाही ते रानटी माणसाच्या तोंडी घालायचं, ही जुनी सोय. क्रिसाफियसला नालायक म्हणायला अटिलाचा वकील बरा पडतो. तसं असेल तर शिव्यांची नोंद अधिकच मोलाची, कारण मग त्या रोमनांनी रोमनांना घातलेल्या आहेत. दहा बोटं मात्र मला खरी वाटतात. तसला हावभाव घरी बसून सुचत नाही.

या नोंदी टिकल्या कशा, तेही ऐकण्यासारखं आहे. प्रिस्कस आणि मेनांदर यांचे पूर्ण ग्रंथ गेले. दहाव्या शतकात सम्राट सातव्या कॉन्स्टंटाईनने जुन्या इतिहासकारांतून ५३ विषयांवार उतारे काढवले, त्यातला एक विषय ‘वकिलाती’ : रोमनांनी परक्यांकडे पाठवलेल्या आणि परक्यांनी रोमनांकडे पाठवलेल्या. म्हणून नेमके दरबारातले, तंबूतले, जेवणावळीतले प्रसंग वाचले. त्यांची मूळ हस्तलिखित प्रत स्पेनच्या एस्कोरियालमध्ये १६७१च्या आगीत जळाली. सोळाव्या शतकात काढलेल्या नकलांवर आपण वाचतो.

हाच कॉन्स्टंटाईन मुलासाठी, रोमानोससाठी, एक खाजगी राज्यकारभाराचं टिपण लिहून गेला. त्यात तेरावं प्रकरण असं की खझार, मग्यार, रूस किंवा उत्तरेकडचे इतर कोणी राजवस्त्रं आणि मुकुट मागू लागले तर काय थाप मारायची. सांग की ही माणसाने बनवलेली नाहीत, देवदूताने थोर कॉन्स्टंटाईनला दिली, देवळात ठेवायची आणि सणालाच काढायची आज्ञा आहे. जो मोडेल त्याचा नाश होईल. समुद्रावर पेटणारी आग मागितली तर तिच्याबद्दलही देवदूतच. आणि राजघराण्याची मुलगी मागितली तर सांग, थोर कॉन्स्टंटाईनचा शाप देवळाच्या वेदीवर कोरलाय, परक्या चालीरीतीच्या लोकांशी सोयरीक कदापि नाही. तुर्कसांथोसच्या दहा जिभा ज्याने जपून ठेवल्या, त्यानेच मुलाला तीन नव्या शिकवल्या.

रोमानोसची मुलगी अ‍ॅना ९८९च्या सुमारास रूसांच्या राजाला, कीव्हच्या व्लादिमिरला दिली. तिच्या भावाला, सम्राट दुसऱ्या बेसिलला, घरातली बंडाळी मोडायला रूसांचे सहा हजार लढवय्ये हवे होते, आणि त्यांची किंमत म्हणून व्लादिमिरला वधू हवी होती.